१३ आठवड्यांच्या बाळाचे कोरडे उमासे: एक प्रकरण अभ्यास

मुलगा, वय १३ आठवडे. पूर्ण दिवसांचा जन्म, जन्माचं वजन २.९ किलो, भेटीच्या दिवशीचं ५.४ किलो. तक्रार तीन आठवड्यांपासूनची आणि एकच. दिवसातून दहा-पंधरा वेळा ओकारी यावी तशी उबळ येते, चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांत पाणी येतं, जीभ बाहेर पडते, घशातून मोठा आवाज निघतो आणि बाहेर काहीच येत नाही. आली तर लाळ. उबळ ओसरली की काही सेकंदांत बाळ पुन्हा इकडेतिकडे बघायला लागतं. घरातली मोठी माणसं मात्र पुढचा अर्धा तास सावरत नाहीत.

सकाळी, संध्याकाळी आणि रात्री आई बाळाला अंगावर पाजते. दिवसा ती कामावर असते, तेव्हा तिचंच काढून ठेवलेलं दूध आजी बाटलीने पाजते. पावडरचं दूध कधी दिलेलं नाही.

आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी उलटी थांबवणारे डोमपेरिडोनचे थेंब आणि गॅससाठी सिमेथिकोनचे थेंब मिळाले. दुसऱ्या ठिकाणी पोटाची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. तरी आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं आणि आईला दूध-दुधाचे पदार्थ बंद करायला सांगण्यात आलं. ड जीवनसत्त्वाचे थेंब आधीपासून होतेच. म्हणजे अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या तीन महिन्यांच्या बाळाला चार औषधं, त्यातली काही दिवसातून तीनदा. "औषधं सुरू केल्यापासून उमासे कमी तर नाहीच, वाढलेच," असं आजी म्हणाल्या. हे वाक्य तिथे बसलेल्या कुणालाच तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही, खुद्द आजींनाही नाही.

तपासणीत सापडलं ते असं: टाळू सपाट, पोट मऊ, हाताला गाठ लागत नाही, छाती स्वच्छ, हृदयाचे ठोके नेहमीसारखे, कानाचे पडदे ठीक, ताप नाही. नाक थोडं चोंदलेलं. दिवसाला सहा-सात डायपर ओले होतात. वजनाची वाढ रोजची सरासरी २७ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली समजली जाते, त्यामुळे इथे तक्रारीला जागा नव्हती. फाइल जाड आणि बाळ ठणठणीत, असं हे प्रकरण होतं.

उमाशात शरीर नेमकं काय करतं

बाळाच्या तोंडून दूध येणं किंवा येतंय असं वाटणं, यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे दूध टाकणं, गुळणी. यात जोर नसतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि दूध ओघळत वर येतं. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याच्या आसपास बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि वर्षाच्या आसपास बहुतेकांचं आपोआप थांबतं.

दुसरी म्हणजे खरा उमासा. श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आखडतात, त्याच क्षणी स्वरयंत्राचं दार मिटलेलं असतं. पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो, जठरातला ऐवज अन्ननलिकेत चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. उलटीत पुढची पायरीही होते, छातीतला दाबही वाढतो आणि सगळं बाहेर फेकलं जातं. हा सगळा क्रम मेंदूच्या बुंध्यातून चालतो, आणि तिथपर्यंत निरोप अनेक वाटांनी पोचतो: घशाला झालेला स्पर्श, ताणलेलं जठर किंवा आतडं, आतल्या कानाचं असंतुलन, रक्तातली औषधं आणि विषारी द्रव्यं, कुठल्याही अवयवातला जंतुसंसर्ग, कवटीच्या आत वाढलेला दाब. त्यामुळे उमासा आला म्हणजे बिघाड पोटातच आहे, असं धरून चालता येत नाही.

तिसरी गोष्ट घशाची प्रतिक्षिप्त क्रिया. जिभेच्या मागच्या भागाला किंवा घशाला काही लागलं की घसा आवळतो, जीभ पुढे ढकलली जाते आणि नको ती वस्तू श्वासनलिकेकडे जाण्याआधी बाहेर काढली जाते. मोठ्या माणसांत ही जागा खूप मागे असते. तान्ह्या बाळात ती जिभेवर बरीच पुढे असते आणि साधारण सातव्या ते नवव्या महिन्यापर्यंत हळूहळू मागे सरकते. त्यामुळे मोठ्या माणसाला जाणवणारही नाही अशा स्पर्शाने बाळाला उबळ येते. दिसायला ही उबळ उमाशासारखीच दिसते, आवाजही तसाच असतो. घरचे लोक ज्याला कोरडी उलटी म्हणतात, त्यातला मोठा वाटा हिचाच असतो.

आधी काय नाही, ते बघणं

सोनोग्राफी कशासाठी केली असावी, हे समजण्यासारखं होतं. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होऊन दूध पुढे न जाण्याचा आजार साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो, मुलग्यांमध्ये मुलींच्या सुमारे चौपट. पण त्यात दूध दूरवर फेकलं जातं, बाळ लगेच पुन्हा भुकेलं होतं आणि वजन घटतं. १३ आठवड्यांचं, उलटी न करणारं, वजन वाढणारं बाळ त्या चित्रात बसत नाही. अहवाल सर्वसाधारण आला यात आश्चर्य काहीच नव्हतं. त्या अहवालाने घरच्यांची भीती मात्र कमी झाली नाही, कारण "मग आहे तरी काय?" हा प्रश्न तसाच राहिला.

आतड्याला पीळ पडला असता तर सगळी गोष्टच वेगळी असती. हिरवी उलटी हे त्याचं लक्षण, आणि तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे घड्याळ न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात धाव. उद्या सकाळी बघू, असं तिथे चालत नाही. आतड्यात आतडं शिरण्याचा आजार बहुधा सहा महिन्यांनंतर दिसतो: बाळ ठरावीक अंतराने पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधल्या वेळात मलूल पडतं, पुढे शी रक्तमिश्रित होते. आमच्या बाळात यातलं काहीच नव्हतं. टाळू फुगलेला नव्हता, डोक्याचा घेर वयाला साजेसा होता, त्यामुळे मेंदूवरचा दाबही यादीतून गेला. डांग्या खोकल्यात खोकल्याची लांब माळ संपताना उमासा येतो. या बाळाला खोकलाच नव्हता.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हा प्रश्न जरा जास्त वेळ घेऊन बसला. आईच्या आहारातली प्रथिनं अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत पोचतात, हे खरं आहे. पण अशा बाळात सहसा आणखी काही दिसतं: शीत रक्ताचे धागे, अंगावर इसब, वजन न वाढणं, नुसती उबळ नाही. दुधाचे पदार्थ सोडून पाहायचेच तर दोन ते चार आठवडे सोडावेत, फरक दिसतो का बघावा आणि मग पुन्हा सुरू करून खात्री करावी, अशी पद्धत आहे. आईने ते सोडून दहा दिवस झाले होते. तेवढ्याने निकाल देता येत नव्हता. तरीही ही शक्यता मागे पडली, कारण तिच्या बोलण्यातून एक गोष्ट सहज निघाली: "माझ्याकडे पिताना कधीच होत नाही."

दूध तेच, बाळ तेच. अंगावर उबळ नाही आणि बाटलीवर आहे. दुधातलं काही बाधत असतं तर त्याने भांडं पाहून त्रास दिला नसता.

तीन दिवसांची नोंद

त्या दिवशी नवीन तपासणी लिहिली नाही. घरच्यांना दोन कामं सांगितली. उबळ आली की तिची वेळ आणि तिच्या आधीच्या दोन मिनिटांत काय चाललं होतं ते लिहायचं. आणि जमेल तितक्या वेळा व्हिडिओ काढायचा, तोही उबळ सुरू झाल्यावर नाही, दूध पाजायला घेतानाच मोबाइल कुठेतरी टेकवून ठेवून. उबळ सुरू झाल्यावर काढलेल्या व्हिडिओत घाबरलेले आवाज आणि हलणारं छत याखेरीज फारसं काही सापडत नाही.

तीन दिवसांनी आलेली वही वाचायला मजेशीर होती. आजींच्या अक्षरात वेळा होत्या, आईने मोबाइलवर लिहिलेलं होतं आणि बाबांनी दोन्ही एकत्र करून तक्ता केला होता. ३६ उबळी. एकत्र पाहिल्या तर नुसता गोंधळ, वेगळ्या केल्या तर चार ढीग.

सर्वांत मोठा ढीग बाटलीचा. तोही बाटलीच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतला, पोट भरल्यानंतरचा नाही. व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं: बाळ जवळजवळ आडवं, बाटली वरून उभी धरलेली. बाळ सलग सहा-सात घोट घेतं, श्वासाला थांबायला मिळत नाही, भुवया वर जातात, हाताची बोटं पसरतात, ओठांच्या कडेने दूध ओघळतं आणि मग उबळ. १५० मिलीलीटरची बाटली पाच मिनिटांत संपत होती. नळाला तोंड लावून पाणी प्यायला लागलं तर मोठ्या माणसाचीही हीच गत होईल. चौकशीत कळलं की तीन आठवड्यांपूर्वी निपल बदललं होतं, कारण आधीच्यातून बाळाला "फार वेळ लागायचा". नव्या निपलवर तीन महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी असं लिहिलेलं होतं, म्हणजे वयाच्या हिशेबाने घाई झाली ती थोडीशीच. पण निपलवरच्या या आकड्यांना सर्व कंपन्यांत समान असं माप नाही. एका कंपनीचं "सावकाश" दुसरीच्या "मध्यम"पेक्षा वेगाने वाहू शकतं. आम्ही बाटली उलटी धरली तर थेंब पडण्याऐवजी बारीक धार लागली.

दुसरा ढीग औषधांचा. चार औषधांचे मिळून दिवसाला आठ डोस. थेंब बाहेर येऊ नयेत म्हणून ड्रॉपर थेट जिभेच्या मागच्या भागावर नेऊन दाबला जाई. त्यातून अनेकदा उबळ. उमासे थांबवण्यासाठी दिलेलं औषधच देण्याच्या पद्धतीमुळे रोज उमासे काढत होतं, आणि आजींचं "औषधांपासून वाढले" हे निरीक्षण शब्दशः बरोबर होतं.

तिसरा ढीग छोटा, पहाटेचा. झोपेतून उठल्यावर नाक चोंदलेलं, घशाशी चिकट शेंबूड, एक-दोन उबळी, शिंक, मग शांत. तान्ही बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात आणि शेंबूड गिळतात, तेव्हा यात नवल नाही.

चौथ्या ढिगाने घरात सर्वांत जास्त भांडणं लावली होती. बाळ स्वतःची मूठ तोंडात खुपसतं, बोटं खोलवर जातात, उबळ येते आणि ती संपताच मूठ पुन्हा तोंडात. आजी हात बाहेर ओढत, मोजे घालत, आणि "काही अडकलंय का" म्हणून स्वतःचं बोट बाळाच्या घशात फिरवून बघत. या बोट फिरवण्याने आणखी उबळी यायच्या. शिवाय खरंच काही अडकलं असतं तर न दिसणारी वस्तू बोटाने आणखी आत ढकलली जाण्याचा धोका असतो. दिसली आणि सहज पकडता आली तरच काढावी, आंधळेपणाने बोट फिरवू नये, हा प्रथमोपचाराचा ठाम नियम आहे.

उबळ आणि घुसमट

व्हिडिओ बघताना बाबांनी विचारलं, "यात खरंच श्वास अडकलाय की नाही, हे आम्हाला कसं कळणार?" सगळ्या भेटीत विचारण्यासारखा प्रश्न हाच होता.

उबळीत आवाज असतो, कारण हवा आत-बाहेर होत असते. चेहरा लाल होतो, बाळ खोकतं, रडतं, आणि काही सेकंदांत स्वतःच मोकळं होतं. अशा वेळी बाळाला बसतं किंवा किंचित पुढे झुकलेलं धरावं आणि थांबावं. पाठीवर धपाटे नकोत, पाणी नको, तोंडात बोट नको. सहा महिन्यांच्या आत तर पाणी कशासाठीच नको.

घुसमट शांत असते. बाळाला रडता येत नाही, खोकला क्षीण किंवा नाहीच, ओठ निळसर पडतात, डोळे विस्फारतात. तिथे थांबायचं नसतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली आणि जबडा हाताने आधारलेला असं धरून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. मोकळं झालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा, आणि वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत हेच आलटून पालटून चालू ठेवावं. दुसऱ्याने तोवर तातडीची मदत बोलवावी. बाळ बेशुद्ध झालं तर छातीदाब आणि कृत्रिम श्वास सुरू करावा. एवढ्या लहान बाळाचं पोट दाबून हा उपाय करत नाहीत, यकृताला इजा होऊ शकते. वाचून हे हाताला येत नाही. तिघांनाही बाहुलीवर एकदा करून बघायला लावलं, आणि सर्वांत नीट आजींना जमलं.

काय बदललं

उपचार म्हणून जे झालं त्यातला मोठा भाग वजाबाकीचा होता.

डोमपेरिडोन बंद केलं. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्याच्या आदल्या वर्षी मेटोक्लोप्रमाइड हे याच कामाचं दुसरं औषध एक वर्षाखालच्या बाळांना देऊ नये असं ठरलं. उलटीच न करणाऱ्या बाळाला उलटीचं औषध देण्याचं कारण आम्हाला सापडलं नाही. आम्लाचं औषधही बंद. अन्ननलिकेला सूज असल्याचा पुरावा नसताना, नुसतं बाळ रडतं किंवा दूध टाकतं म्हणून ही औषधं देऊ नयेत, असा युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांचा २०१८ चा संयुक्त सल्ला आहे. आम्ल हे जंतूंविरुद्धचं एक कुंपण आहे, ते काढलं की संसर्गाची शक्यता वाढते. गॅसचे थेंब निरुपद्रवी, पण बाळाच्या रडण्यावर त्यांचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, तेही गेले. उरलं फक्त ड जीवनसत्त्व, रोज ४०० युनिट. ते गालाच्या आतल्या बाजूला, बाळ अर्धवट बसतं असताना, एकेक थेंब सोडून द्यायचं. एका थेंबात पूर्ण मात्रा मिळणारा प्रकार घेतला तर तो थेंब आईच्या स्तनाग्रावर ठेवूनही देता येतो. आईने दुधाचे पदार्थ पुन्हा सुरू केले. त्यावर कुणी काही म्हणालं नाही, पण तिला याचा आनंद सर्वांत जास्त झाला असावा.

निपल पुन्हा सावकाश वाहणारं. पाजण्याची पद्धत बदलली: बाळ जवळजवळ बसतं, डोकं-मान आधारलेली, बाटली जमिनीला समांतर, निपलमध्ये जेमतेम दूध राहील इतपतच वर. चार-पाच घोट झाले की बाटली खाली झुकवून श्वासाला वेळ द्यायचा. भुवया ताणल्या, बोटं पसरली, दूध ओघळलं की त्याचा अर्थ थांबा. बाळाने तोंड फिरवलं की बाटली संपवण्याचा हट्ट नाही. १५० मिलीलीटरला पंधरा-वीस मिनिटं लागायला लागली. आजींना पहिले दोन दिवस हा वेळेचा अपव्यय वाटला.

नाकासाठी उठल्यावर सलाइनचे एक-दोन थेंब. हाताचे मोजे काढले. मुठीमुळे येणारी उबळ चालू द्यायची असं ठरलं, कारण तोंडात हात-खेळणी घालून बघण्यातूनच बाळाचा घसा स्पर्शाला सरावतो आणि पुढे घट्ट अन्नासाठी तयार होतो. हात स्वच्छ ठेवणं एवढंच मोठ्यांचं काम.

झोपेबाबत एक गोष्ट घरात चुकत होती, ती तक्रारीत आलीच नव्हती. उमासा आला तर गुदमरू नये म्हणून बाळाला रात्री कुशीवर, पाठीशी उशी लावून झोपवत होते. भावना समजते, पण दिशा उलटी आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध गुरुत्वाकर्षणाने खालीच राहतं. पालथं केलं की हीच रचना उलटते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं. कुशीवरचं बाळ केव्हा पालथं होईल सांगता येत नाही. १९९० च्या दशकात अनेक देशांत बाळांना उताणं झोपवण्याच्या मोहिमा झाल्या आणि त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. दूध टाकणाऱ्या बाळांनाही हाच नियम: उताणं, सपाट आणि घट्ट गादी, आजूबाजूला काही नाही.

आठवडाभरात उबळी दिवसाला बारावरून तीन-चारवर आल्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या मुठीच्या. सगळे बदल एकदम केल्यामुळे कशाने किती फरक पडला हे काटेकोर सांगता येत नाही. एकेक बदल करून पाहणं जास्त शास्त्रीय झालं असतं, पण नको असलेली औषधं केवळ हिशेब नीट लागावा म्हणून आठवडाभर चालू ठेवणं पटलं नाही.

"ही ती नाही"

बाळ पाच महिन्यांचं होत आलं असताना आईचा फोन आला. रात्रीपासून पुन्हा उमासे येत होते. तोवर घरात "आमच्या बाळाला उमाशांची सवयच आहे" हे वाक्य रुळलं होतं, आणि असं लेबल लागलं की पुढचं दिसेनासं होण्याची भीती असते. पण आई म्हणाली, "डॉक्टर, ही ती नाही. मूठ तोंडात नाही, बाटली नाही, काहीच नाही. नुसता पडलाय आणि उमासे काढतोय. अंगावरही घेत नाहीये."

दोन महिन्यांपूर्वीच्या वहीचा खरा उपयोग इथे झाला. प्रत्येक उबळीआधी काय होतं हे बघायची सवय लागलेल्या आईला आधी काहीच नसलेली उबळ लगेच वेगळी दिसली. आणि अंगावर न घेणं हे या बाळाने याआधी कधी केलं नव्हतं.

तपासताना ताप ३८.६ अंश सेल्सिअस. बाळ चिडचिडं, पण नजर देणारं. टाळू सपाट, कान-घसा ठीक, छाती स्वच्छ, पोट मऊ, अंगावर पुरळ नाही. सकाळपासून दोनच डायपर ओले. तापाचं कारण सापडत नाही आणि बाळ लहान आहे, अशा वेळी लघवी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या वयात लघवीच्या जंतुसंसर्गात जळजळ, पोटदुखी असं काही बाळ सांगू शकत नाही. ताप, दूध न घेणं, उमासे किंवा उलट्या एवढंच दिसतं.

नमुना पातळ नळी घालून घेतला. चिकटवायच्या पिशवीत जमवलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात. त्या नमुन्यात काही निघालं नाही तर ठीक, पण निघालं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आईला नळीची कल्पना नकोशी वाटली, पण त्यामागचं कारण समजावल्यावर ती तयार झाली. पट्टीच्या तपासणीत नायट्राइट आणि पांढऱ्या पेशी, म्हणजे संसर्गाच्या दोन्ही खुणा, आढळल्या. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, दोन दिवसांनी ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू वाढला. उमाशांमुळे तोंडाने औषध टिकेल याची खात्री नव्हती म्हणून पहिला दीड दिवस प्रतिजैविक शिरेतून दिलं, मग तोंडाने, एकूण दहा दिवस. तोंडाचं औषध पुन्हा गालातूनच. ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि उमासे त्याच्याही आधी थांबले. मूत्रपिंडांची सोनोग्राफी केली, ती व्यवस्थित होती. पहिल्या सोनोग्राफीपेक्षा या सोनोग्राफीला विचारलेला प्रश्न स्पष्ट होता.

हेच बाळ तीन महिन्यांच्या आतलं असतं आणि ताप ३८ अंश किंवा जास्त असता, तर तपासणी घरून फोनवर ठरवायची गोष्ट राहिली नसती, थेट रुग्णालयात आणायला सांगितलं असतं. अगदी लहान बाळात लघवीतला संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

घट्ट अन्न सुरू झाल्यावर

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू झालं आणि उबळी पुन्हा आल्या, यावेळी सांगून-सवरून. आधीच्या भेटीतच कल्पना दिली होती की जाडसर घास जिभेच्या मध्यावर गेला की हे होणार. मऊ कुस्करलेल्या घासाला पहिल्या दिवशी तोंड वेडंवाकडं आणि दोन उबळी, आठवड्याने तोच घास निमूट. बाळाला बसवून, समोर कुणीतरी असताना, घाई न करता भरवायचं. उबळ येते म्हणून महिनोन्‌महिने सगळं मिक्सरमधून काढून देत राहिलं तर नवव्या-दहाव्या महिन्यानंतर गाठी स्वीकारणं बाळाला अवघड जातं. गोल, कडक, घसरते पदार्थ मात्र नकोत, ते उबळीच्या टप्प्यावर न थांबता थेट श्वासनलिकेत जाऊ शकतात. मध वर्षाच्या आत नाही, त्यातल्या बीजाणूंपासून बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

याच वेळी आणखी दोन गोष्टी घरच्यांना मुद्दाम सांगितल्या, कारण त्यांची सुरुवातही उमाशांनीच होऊ शकते. एखादा नवा पदार्थ खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या, बाळ पांढरंफटक आणि गळून गेलेलं, असं झालं तर ती अन्नातल्या प्रथिनांवरची एक वेगळी प्रतिक्रिया असते. तिच्यात पुरळ उठत नाही, त्यामुळे पोट बिघडलं समजून ती हुकते. दुसरी गोष्ट रांगण्याच्या वयाची: अचानक लाळ गळायला लागली, गिळता येईना, उमासे येऊ लागले आणि घरात बटणासारखी बॅटरी असलेली एखादी वस्तू उघडी सापडली, तर लगेच रुग्णालय. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर जखम करू शकते.

नवव्या महिन्याच्या भेटीत बाळाचं वजन ८.६ किलो होतं. उबळी आठवड्यातून एखादी, नवीन काही तोंडात गेलं तरच. औषध कुठलंच नाही, ड जीवनसत्त्व सोडून. फाइलवर एकच सूचना उरली आहे: पुढे कधीही कारण न सापडणारा ताप आला तर पहिल्या दोन दिवसांत लघवी तपासायची, उमासे असोत वा नसोत.